योजना लिहिताना राहून जाणारी ओळ

नमस्कार! आज नियोजन आणि निर्णयन, म्हणजे प्लॅनिंग आणि डिसिजन मेकिंग, यांवर बोलू या.

व्यवस्थापनाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात नियोजन हे पहिलं कार्य म्हणून येतं. व्याख्याही पाठ असते: काय करायचं, कसं, कधी आणि कोणी, हे आधी ठरवणं. निर्णयनाचं प्रकरण मात्र वेगळं असतं, बऱ्याचदा पुढे कुठेतरी. त्यामुळे अशी समजूत होते की आधी योजना तयार होते, आणि निर्णयाची वेळ नंतर कधीतरी येते. धंद्यात पैसा आणि माणसांची वर्षं अडकून पडतात, ती पुष्कळदा याच समजुतीमुळे, असं माझं ठाम मत आहे. त्या व्याख्येतलं शेवटचं क्रियापद बघा ना. 'ठरवणं'. निर्णय तिथेच घेतला जातोय.

जरा मागे जाऊ. हेन्री फेयॉल हे फ्रान्समधले खाण-अभियंते. १८८८ साली त्यांच्या हाती ते काम करत असलेल्या खाण-कंपनीची सूत्रं आली, तेव्हा ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्यांनी ती सावरली, आणि त्या अनुभवावरून १९१६ मध्ये व्यवस्थापनाची पाच कार्यं मांडली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण. नियोजनासाठी त्यांनी वापरलेल्या फ्रेंच शब्दात दोन अर्थ एकत्र आहेत: पुढचं ओळखणं आणि त्यासाठी तयारी करणं. फेयॉल दहा वर्षांचा अंदाज बांधायला सांगतात, पण तो दर वर्षी तपासून दुरुस्त करायलाही सांगतात. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस सांगतोय की योजना एकदा लिहून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. हा भाग पाठांतरात गळून पडतो आणि पाच कार्यांची यादी तेवढी उरते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पण दुरुस्ती का लागते? याचं उत्तर हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकांकडे मिळतं. संस्थांमध्ये निर्णय कसे घेतले जातात, यावरच्या कामासाठी त्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जुन्या अर्थशास्त्राने कल्पिलेला माणूस सगळे पर्याय मांडतो, प्रत्येकाचा परिणाम मोजतो आणि सर्वोत्तम पर्याय उचलतो. सायमन म्हणाले, असा माणूस कुठल्याच कचेरीत बसत नाही. माहिती अपुरी असते, वेळ कमी असतो, डोक्याची क्षमताही ठरावीक असते. म्हणून माणूस पुरेसा चांगला पर्याय सापडला की शोध थांबवतो. याला मर्यादित तर्कशुद्धता म्हणतात. हा आळस नाही बरं का. याच्याशिवाय एकही काम पुढे सरकणार नाही.

पण याचा एक परिणाम नीट समजून घ्या. जिथे माहिती नव्हती, तिथे आपण काहीतरी धरून चाललेलो असतो. मागणी अशी राहील, माल वेळेवर येईल, अमुक तंत्र जमेल. ही आपली गृहीतकं. योजना त्यांच्यावर उभी असते, आणि बहुतेक योजनांमध्ये ती लिहिलेलीच नसतात.

(पडद्यावर: सिडनी ऑपेरा हाऊस, १९५९ ते १९७३)

हे चित्र बघा. ऑस्ट्रेलियातली ही इमारत १९६३ मध्ये, सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पूर्ण होईल असा अंदाज होता. ती उघडली १९७३ मध्ये, आणि खर्च गेला १० कोटी २० लाखांवर. दहा वर्षांचा उशीर, खर्च चौदा पटींहून जास्त. हे उदाहरण पुष्कळजण सांगतात आणि आकड्यांपाशी थांबतात. मला त्यातला कामाचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. १९५९ मध्ये बांधकाम सुरू झालं, तेव्हा शिंपल्यासारखं ते छत नेमकं कसं उभारायचं हेच ठरलेलं नव्हतं. राजकीय घाईमुळे खालचं काम आधी सुरू केलं गेलं. पुढे छताचा आकार निश्चित झाला, तेव्हा आधी बांधलेल्या खांबांना तो भार पेलणार नाही असं दिसलं, आणि ते पुन्हा मजबूत करावे लागले.

'छताचं पुढे बघू' हेसुद्धा एक गृहीतकच होतं. ते कुणी कागदावर लिहून, मोठ्याने वाचून दाखवलं असतं, तर खांब ओतण्याआधी कुणीतरी हात वर केला असता, असं मला वाटतं. इमारत देखणी झाली, जगभर गाजली, हे खरंच. पण सरकारी प्रकल्पाला जेवढी उसंत मिळते तेवढी एखाद्या व्यवसायाला मिळत नाही.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला नाव दिलं: नियोजन-भ्रम. आपण आपल्याच कामाकडे आतून बघतो, म्हणून वेळ आणि खर्च कमी धरतो. उपाय साधा आहे. अशाच प्रकारच्या आधीच्या कामांना खरोखर किती वेळ लागला होता, तो आकडा आधी काढा आणि मग स्वतःचा अंदाज लिहा.

आता दुसरी गोष्ट, माझ्या फार आवडीची. इंटेल. ही अमेरिकी कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली आणि मेमरी चिपवर, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या चिपवर, मोठी झाली. १९८० नंतर जपानी कंपन्यांनी त्या बाजारात मुसंडी मारली. इंटेलचं नुकसान वाढत होतं, तरी मेमरी सोडवत नव्हती, कारण कंपनीची ओळखच ती होती. १९८५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दारातून बाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू, असं ग्रोव्ह म्हणाले. इंटेल मेमरीतून बाहेर पडली आणि मायक्रोप्रोसेसरकडे, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपकडे, वळली.

हा किस्सा प्रसिद्ध आहे. त्याच्या मागची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. कारखान्यातली क्षमता कुठल्या चिपला द्यायची, याचा इंटेलमध्ये एक नियम होता: ज्या चिपमधून जास्त नफा सुटतो तिला आधी. मधल्या फळीतले व्यवस्थापक तो नियम पाळत राहिले. त्यामुळे वरिष्ठ अजून विचारात असतानाच, कारखाना हळूहळू मायक्रोप्रोसेसरकडे सरकला होता. वरचा निर्णय झाला तेव्हा खालचं निम्मं काम झालेलं होतं.

मला यात नियोजनाची खरी ताकद दिसते. सायमन निर्णयांचे दोन प्रकार सांगतात. एक नित्याचे, ज्यांना आधीच नियम लावता येतो. दुसरे नवखे, ज्यांना डोकं लढवावं लागतं. धोरणं, कार्यपद्धती, नियम या सगळ्यांना पुस्तकात स्थायी योजना म्हणतात, आणि परीक्षेत आपण त्यांची नुसती नावं लिहितो. पण स्थायी योजना म्हणजे शांत डोक्याने एकदाच घेतलेला आणि पुढे हजार वेळा वापरला जाणारा निर्णय. तो चांगला असेल, तर वरिष्ठांची भावना आड आली तरी काम योग्य दिशेने सरकतं. चुकीचा असेल, तर चूकही हजार वेळा होते.

मग राहून जाणारी ओळ कुठली? 'अमुक दिसलं की आम्ही थांबू.' किंवा दिशा बदलू. ही ओळ सुरुवातीलाच का लिहायची? कारण एकदा पैसा आणि प्रतिष्ठा गुंतली, की माणूस बुडीत खर्चाकडे बघून निर्णय घेतो. इतकं घातलंय, आता कसं सोडायचं? गेलेला पैसा कुठल्याही पर्यायात परत येणार नसतो, तरी तो तराजूत बसून राहतो. त्या वेळी थांबण्याची खूण शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

ओळ मोघम नको. 'प्रतिसाद कमी आला तर विचार करू' याला अर्थ नाही. 'सहा महिन्यांत पहिल्या ग्राहकांपैकी निम्म्यांनी पुन्हा मागणी नोंदवली नाही, तर नवी यंत्रं घेणार नाही, आणि हे विक्री विभागाचा प्रमुख तपासेल.' आकडा, तारीख, जबाबदार माणूस. तिन्ही हवेत. प्रत्येक निर्णयाला एवढा सोपस्कार नको, हेही सांगतो. जो निर्णय उद्या सहज फिरवता येतो, तो पटकन घ्या. जो फिरवता येत नाही, त्याच्यासाठी वेळ राखून ठेवा.

आणि गृहीतकं आठवत नसतील तर गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांची एक पद्धत आहे. योजना मंजूर होण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवा आणि सांगा: एक वर्ष उलटलंय, आपली योजना सपशेल फसली आहे, का फसली ते प्रत्येकाने लिहा. कागद आधी भरून घ्या, बोलणं नंतर. यात माझी एक भर: वाचायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून करा आणि प्रमुखाचा कागद शेवटी ठेवा.