चार वाक्यांच्या आधीचं होओपोनोपोनो

मंडळी, होओपोनोपोनो ही बिघडलेली नाती सांधायची हवाई बेटांवरची जुनी रीत. तिचं नाव निघालं की आपल्याकडे चार वाक्यं आठवतात. ‘सॉरी, मला माफ कर, थँक्यू, माझं तुझ्यावर प्रेम आहे.’ डोळे मिटून, एकट्यानं, स्वतःशीच म्हणायची. ती म्हणून कुणाला शांत झोप लागत असेल तर मी आड येणार नाही. पण हवाईतल्या जुन्या घरांत हे काम एकट्यानं होत नसे, आणि मला त्यातलं मोलाचं वाटतं ते नेमकं हेच.

घरात कुणी आजारी पडलं आणि औषधानं उतार पडेना, की विचारणा व्हायची: कुणाचं कुणाशी बिनसलंय? मनातली अढी अंगावर निघते, अशी त्या लोकांची धारणा. मग वडीलधारं माणूस, किंवा ज्याचा शब्द सगळे मानतात असा कहुना, म्हणजे जाणता पुरोहित, अख्ख्या ‘ओहाना’ला, म्हणजे कुटुंबाला, एकत्र बसवायचा. आधी प्रार्थना, मग तंटा काय आहे ते मांडायचं. मेरी कावेना पुकुई (1895–1986) या हवाईयन विदुषीनं सहकाऱ्यांबरोबर 1972 साली ग्रंथरूपानं हे तपशिलात नोंदवलं. तिचंच बोट धरून मी बोलतो आहे.

यातला सगळ्यात शहाणा नियम असा, की भांडणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते मध्यस्थाला. राग चढायला लागला की तो ‘होओमालू’ जाहीर करतो, आणि सगळे गप्प. आपल्या घरगुती बैठकांत एवढी एक गोष्ट आली तरी किती वाटण्या सुखानं होतील!

मूळ चूक म्हणजे ‘हला’. तिच्यातून वाढतो तो गुंता ‘हिहिया’. समजा, दीर भावजयीला टाकून बोलला. तिनं अबोला धरला, नवऱ्यानं भावाची बाजू घेतली, मुलांचं येणं-जाणं थांबलं. आता ज्यानं दुखावलं तो अडकलेला आहेच, पण जी दुखावली तीही अडकलेली आहे. हा गुंता एकेक पदर काढत सोडवायचा, आणि त्याला कधी कधी कित्येक बैठका लागत. मग ‘मिही’, म्हणजे चुकीची कबुली आणि समोरासमोर माफी. चोरी असेल तर वस्तू परत, नुकसान असेल तर भरपाई. दुखावलेल्यानंही ‘काला’ करायचं, म्हणजे माफ करून सोडून द्यायचं. शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही.

1820 मध्ये ख्रिस्ती मिशनरी आले, जुन्या प्रार्थना मागे पडल्या, पद्धतही बरीच विरली. 1960च्या दशकात हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिच्या नावानं चालणाऱ्या बालकेंद्रातल्या समाजसेवकांनी पुकुईंच्या मदतीनं ती पुन्हा समजून घेतली, कुटुंबांसोबत वापरली.

एकट्यानं करायची वाट वेगळी. ती मोरना सिमेओना या हवाईयन उपचारकर्तीनं 1976च्या सुमारास घालून दिली. त्यात कर्म आणि पुनर्जन्म या कल्पना मिसळल्या, म्हणून आपल्याला ती इतकी ओळखीची वाटते. त्यांचे शिष्य इहालेआकाला ह्यू लेन आणि 2007चं एक अमेरिकी पुस्तक, यांच्यामुळे ती चार वाक्यं जगभर गेली. स्वतःवर प्रेम करा हा सूर त्यांच्यातलाच. जुन्या बैठकीत ‘स्वतः’ला एवढी जागाच नव्हती.

एक शंका येईल: समोरचा माफ करायलाच तयार नसेल तर? चार वाक्यांत ही अडचण येत नाही, कारण समोर कुणी नसतंच. हवाईत मात्र त्यावर उपाय होता, अगदी शेवटचा. हटून बसलेल्या माणसाचं कुटुंबाशी नातं तोडत, आणि ते नाळ कापण्याच्या भाषेत सांगत. शेती, मासेमारी, मुलांचं संगोपन, सगळं जिथं ओहानाच्या जिवावर चालायचं, तिथं ही शिक्षा साधी नव्हती.