वेबकॉमिक: वाचक परत का येतो?

नमस्कार! वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने येणारं कॉमिक, सुरू करायचंय असं म्हणणारे बहुतेक जण मला आधी एकच विचारतात: "व्हायरल कसं व्हायचं?" मला वाटतं, हा प्रश्नच आपल्याला भलत्या वाटेला लावतो. व्हायरल झालेलं चित्र लोक बघतात, हसतात, पुढे पाठवतात. ते कुणी काढलं हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. कॉमिक उभं राहतं ते परत येणाऱ्या वाचकावर. आजचा भाग वाचला आणि पुढचा कधी येतोय म्हणून स्वतःहून डोकावला, असा वाचक. आज जे सांगणार आहे ते सगळं त्याला डोळ्यांसमोर ठेवून.

असा वाचक काय करू शकतो बघा. रिच बर्लू यांचं 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे कॉमिक २००३ पासून ऑनलाइन आहे. चित्रं अगदी साधी, रेघोट्यांच्या माणसांची. २०१२ मध्ये त्यांनी छापील प्रत संपलेलं पुस्तक पुन्हा काढण्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवण्याच्या साइटवर ५७,७५० डॉलर मागितले. जमले साडेबारा लाख डॉलरांहून जास्त! कॉमिक तर साइटवर फुकट वाचायला होतंच. म्हणजे पैसे दिले ते वर्षानुवर्षं वाचत आलेल्या लोकांनी, आधीच वाचून झालेल्या गोष्टीसाठी.

आता गोष्टीकडे येऊ. दोन-चार चौकटींत संपणारा विनोद असेल तर नवा माणूस कुठूनही आत येऊ शकतो, आणि असं कॉमिक पटकन पसरतं. क्रमशः चालणारी गोष्ट हळू पसरते, पण तिच्यात जीव गुंतलेला वाचक सहसा सुटत नाही. दोन्ही वाटा चांगल्या. मात्र शंभर भागांची महागाथा हे पहिलंच काम म्हणून हाती घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. त्याच पात्रांची वीस-तीस पानांची, पूर्ण होणारी गोष्ट आधी करा. शेवट लिहायचा कसा हे शेवट लिहिल्याशिवाय कळत नाही. आणि पूर्ण झालेली गोष्ट नवा वाचक जास्त विश्वासाने उघडतो.

क्रमशः गोष्टीत अजून एक सांभाळायचं. तुम्हाला अख्खी कथा ठाऊक असते, वाचकाच्या हातात फक्त आजचा भाग असतो. एखादा भाग नुसता पात्रं चालत जाण्यात गेला, तर पुस्तकात ते एक पान असतं. इथे तो वाचकाचा एक आठवडा असतो. प्रत्येक भागात काहीतरी बदललं पाहिजे. एखादी गोष्ट कळली, कुणाचं मन फिरलं, निदान एक छान हसू आलं.

[स्क्रीनवर: ८०० × १२८० पिक्सेल]

हा आकडा वेबटून या कॉमिक्सच्या साइटच्या कॅनव्हास विभागाचा, जिथे कुणीही स्वतःचं कॉमिक टाकू शकतं. एका चित्राची रुंदी जास्तीत जास्त ८००, उंची १२८०. असे तुकडे एकाखाली एक लागतात आणि वाचक अंगठ्याने खाली सरकत जातो. इथे दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. दार वाजलं... आणि मग बोटभर रिकामी जागा सोडली, तर वाचक तेवढा वेळ श्वास रोखून खाली सरकतो. तेच दोन चौकटी चिकटवून ठेवल्या तर झटापटीचा वेग येतो. छापील पानात ही सोय नाही, तेव्हा ती मनसोक्त वापरा.

पण एक सावधगिरी. ८०० पिक्सेलचं चित्र छपाईच्या ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) जेमतेम पावणेसात सेंटिमीटर रुंद भरतं. पुढे पुस्तक निघावं असं वाटत असेल तर मूळ फाइल निदान तिप्पट रुंद ठेवा आणि अपलोड करताना लहान करा. क्रिटासारख्या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे आरामात होतं. मजकुराचा लेयर, म्हणजे चित्रावरचा थर, वेगळा ठेवा. आणि देवनागरीत लिहीत असाल तर ओळींमध्ये जागा जास्त सोडा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकल्या की संवादाचा फुगा वाचवत नाही. भाग टाकण्याआधी फोनवर उघडून, हात लांब करून वाचून बघा. नुसत्या मोठ्या मॉनिटरवर बघून खात्री होत नाही.

वेळापत्रकाबद्दल माझं मत ठाम आहे: आठवड्यातून दोनदा कबूल करून चुकवण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा, पण ठरल्या वारी. आधी एका भागाला खरोखर किती तास लागतात ते मोजा. पटकथा, कच्चं रेखाटन, शाई, रंग, अक्षरं, सगळं धरून. रंगात फार वेळ जात असेल तर दोन-तीनच रंगांत काम करा. त्याने कॉमिकला स्वतःची ओळखही मिळते. आणि पहिला भाग टाकण्याआधी सहा-आठ भाग तयार असू द्या. आजारपण येतं, परीक्षा येतात, नोकरीत रात्र होते. तेव्हा हा साठाच तुम्हाला सावरतो. मनगट आणि पाठ दुखायला लागली तर थांबा, आणि सुट्टी वाचकांना आधी सांगून घ्या. सांगून घेतलेल्या सुट्टीवर वाचक रागवत नाहीत.

आता प्रसिद्धी. सोशल मीडियावर नुसती लिंक टाकली तर तिच्यावर बोट ठेवणारे थोडेच. त्यापेक्षा भागातल्या तीन-चार चौकटी, स्वतंत्रपणे कळतील अशा, उभ्या ४:५ मापात नीट मांडा आणि उरलेलं कुठे वाचायचं ते शेवटच्या चित्रात लिहा. तुमचं नाव आणि पत्ता चौकटीच्या आत लिहा, कडेला लिहिलं तर कापलं जातं. रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकमध्ये प्रत्येक चित्राखाली त्याची कायमची लिंक दिलेली असते, आणि नाव देऊन, पैसे न कमावता ते चित्र कुणीही वापरू शकतं. असं चित्र इतरांना वापरू देण्यानेही नाव पसरतं.

पण सगळं बस्तान दुसऱ्याच्या जागेवर बसवू नका. एकेकाळी कॉमिक्सचे कितीतरी वाचक गूगल रीडरवरून, म्हणजे आवडत्या साइट्सवरचं नवं एकाच जागी दाखवणाऱ्या सेवेवरून, नवे भाग वाचत. १ जुलै २०१३ ला ती सेवा बंद झाली आणि अनेक चित्रकारांचा वाचकांपर्यंत जाणारा रोजचा रस्ता तुटला. म्हणून स्वतःची साधी साइट हवी आणि ईमेल यादी हवी. साइटवर 'पहिल्यापासून वाचा' हे बटण ठळक दिसू द्या. प्रत्येक भागाखाली संवाद मजकुराच्या रूपात टाका. त्याने सर्च इंजिनला तुमची गोष्ट सापडते आणि दृष्टिहीन वाचकांना ती ऐकता येते.

आणि दुसऱ्यांची कॉमिक्स वाचा, मनापासून दाद द्या. एकमेकांच्या साइटवर पाहुणे म्हणून एखादा भाग काढणं ही या क्षेत्रातली जुनी, सुंदर रीत आहे. ज्याला एक वेबकॉमिक आवडतं त्याला दुसरं आवडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पैसा बहुधा उशिरा येतो. पॅट्रिऑनसारख्या मासिक वर्गणीत वाचकांना काय द्यायचं? तयार असलेले भाग थोडे आधी. जादा काम काही नाही, साठा आहेच. पुस्तकासाठी किकस्टार्टर करणार असाल तर ५ टक्के त्यांचे, वर पेमेंटचा खर्च, आणि टपालाचा हिशेब प्रत्यक्ष वजन करून.

एखादा प्रकाशक किंवा प्लॅटफॉर्म करार घेऊन आला तर आनंद होतोच, व्हायलाही हवा. ॲलिस ओसमन यांचं 'हार्टस्टॉपर' २०१६ मध्ये ऑनलाइन सुरू झालं, २०१८ मध्ये वाचकांच्या पैशांतून छापलं गेलं, मग मोठ्या प्रकाशकाकडे गेलं आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. पण सही करण्याआधी वकिलाला दाखवा. छपाई, भाषांतर, मालिका, खेळणी हे सगळे हक्क वेगवेगळे असतात; एकाच ओळीत सगळे मागितले असतील तर वेगळे करून मागा. आणि प्रकाशकाने ठरलेल्या मुदतीत काहीच काढलं नाही तर हक्क कधी परत मिळणार, ते करारात लिहून घ्या.