हिरवी कालवं

[दृश्य: ओहोटी. चिखलाची खाडी, कलंडलेल्या होड्या.]

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथे फाल नदीच्या मुखाजवळ रेस्ट्राँगेट नावाची छोटीशी खाडी आत शिरते. वरच्या भागात तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी शेकडो वर्षं चालल्या. त्यांचं पाणी कार्नन नदीतून इथेच उतरत राहिलं. या परिसरात हिरवी कालवं सापडायची. हा हिरवेपणा शेवाळाचा नाही, तांब्याचा आहे, हे 19व्या शतकातच तपासून झालं होतं.

[दृश्य: उघडलेलं कालव, अगदी जवळून.]

शिंपला उघडला की आत ही बारीक घड्यांची झालर दिसते. हे कालवाचे कल्ले. श्वास यांच्यावरच, आणि अन्न गाळून घ्यायचं तेही यांनीच. कल्ल्यांवरचे सूक्ष्म केस सतत हलतात आणि तासाला काही लिटर पाणी आत ओढतात. त्या पाण्यात धातूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, विरघळलेले असतात. कालवाला कॅल्शियम लागतं, शिंपला त्याचाच बनतो. कॅडमियम या विषारी धातूच्या आयनाचा आकार जवळपास कॅल्शियमएवढा आणि विद्युतभारही तोच. त्यामुळे कॅल्शियमच्या वाटेने कॅडमियमही पेशीत शिरतं. शिवाय गाळाच्या कणांना आणि सूक्ष्म शैवालाला चिकटलेला धातू खाण्यातून पोटात जातो.

यापुढे जे घडतं ते मला फार विलक्षण वाटतं. धातूचं विघटन होत नाही, म्हणून कालव त्याला बांधून ठेवतं. मेटॅलोथायोनिन हे गंधक असलेलं प्रथिन कॅडमियमला धरून ठेवतं. तांबं आणि जस्त रक्तातल्या पेशी आपल्या आतल्या बारीक पिशव्यांमध्ये कोंडतात. तांब्याने भरलेल्या याच पेशी मांसाला हिरवा रंग देतात. एवढं होऊनही कालव जिवंत राहतं, आणि त्याच्या अंगातला धातू आजूबाजूच्या पाण्याच्या हजारो पट होतो.

सगळ्यांची तऱ्हा एक नसते. कोकणातल्या काकईच्या जातकुळीतले शिंपले जस्त बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवतात, कालव मात्र ते साठवत जातं. आणि याच खाडीच्या चिखलातले नेरीस किडे! स्वच्छ खाडीतले किडे जितक्या तांब्याने मरतात, तितकं हे सहन करतात. प्लिमथच्या संशोधकांनी 1971 मध्ये ते दाखवून दिलं.

[दृश्य: गेरूच्या रंगाचं पाणी.]

1991 मध्ये याच भागातली व्हील जेन ही खाण बंद झाली. पंप थांबले, आत पाणी चढत गेलं आणि जानेवारी 1992 मध्ये ते फुटून थेट कार्नन नदीत आलं.

पाण्याचा नमुना त्या क्षणापुरतं सांगतो. कालवाच्या अंगात महिन्यांचा हिशेब असतो. म्हणूनच 1975 मध्ये समुद्राच्या रसायनशास्त्राचे अभ्यासक एडवर्ड गोल्डबर्ग यांनी जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांकरवी पहारा ठेवायची कल्पना मांडली. अमेरिकेत 1986 पासून तसं काम सुरू आहे.

[दृश्य: मासळीबाजार, टोपलीत तिसऱ्या.]

स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या कालवांतले बरेचसे जंतू दीड-दोन दिवसांत निघून जातात. धातू उतरायला महिने लागू शकतात आणि शिजवून तो नाहीसा होत नाही. तेव्हा कालवं किंवा तिसऱ्या घेताना कोळीणबाईंना आधी विचारा, माल कुठल्या खाडीतला?