तीन टक्के

(पेट्रोल पंप. सकाळची उन्हं. पीयूसीच्या, म्हणजे धूरतपासणीच्या व्हॅनसमोर काकांची पद्मिनी येऊन थांबते.)

ही १९८६ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. ती रस्त्यावर आली तेव्हा बीएस-फोर, बीएस-सिक्स हे धुराच्या मर्यादेचे शब्दच नव्हते. ज्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली आज तिचा धूर मोजला जातोय, ते नियमही १९८९चे. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान.

(सायलेन्सरचा क्लोजअप. धूर मोजणारी सळई आत सरकते.)

सळई फूटभर आत गेली. गाडी जागच्या जागी सुरू. या पिढीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे ३ टक्के. बीएस-फोर कारला ०.३. दहापट सवलत आहे, हे मान्यच करायला हवं.

आकडा तीनच्या वर जातो. फेल.

(गॅरेज. बॉनेट उघडतं.)

मिस्त्री आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरतात. पलीकडचं काही दिसत नाही. मग प्लग. टोक काजळीनं काळंकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी. कार्बोरेटर खोलला जातो, पेट्रोलचं बारीक छिद्र, म्हणजे जेट, धुऊन त्यात हवा मारली जाते. ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या पॉइंटवर पॉलिश पेपर फिरतो, पट्टीनं गॅप लागतो. "काका, चोक पूर्ण सोडा." आता हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचा स्क्रू. पाव फेरा आत, इंजिनाचा आवाज ऐकायचा, पुन्हा थोडा बाहेर. ऐका... इथे लय बसली.

(पीयूसीपुरता स्क्रू आवळून संध्याकाळी पुन्हा सैल करणारेही असतात. ते कॅमेऱ्यासमोर कोण करणार!)

(पुन्हा व्हॅन. स्क्रीन.)

तीनच्या खाली. पास.

(कागदपत्रांची फाइल. काकांचे हात.)

पण गाडीचं वय या आकड्यानं कमी होत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण. कारसाठी ही फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२पासून ५,००० झाली. वीस वर्षं ओलांडलेल्या कारला ऑगस्ट २०२५पासून १०,०००. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. गाडी रोज धावते की फक्त रविवारी देवळापर्यंत जाते, हे फी ठरवताना कोणी विचारत नाही. धूर किती, हेही नाही. विचारतात ते जन्मसाल.

आणि ज्या मशीननं तिला मघाशी नापास केलं, त्याला नायट्रोजन ऑक्साइड दिसतच नाहीत. सूक्ष्म कण दिसत नाहीत. डिझेल गाडीचा तर नुसता धुराचा काळेपणा मोजतात.

धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली ही गाडी दर किलोमीटरला नव्या कारपेक्षा कितीतरी जास्त विषारी वायू सोडते, हेही खरं.

(जुनं चित्रण. मुंबई, काळ्या-पिवळ्या टॅक्सी.)

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला. वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. या टॅक्सी बहुतेक सीएनजीवर चालायच्या. त्यांना वयानं काढलं, धुरानं नाही.

(पंप. प्रिंटरमधून कागद बाहेर येतो.)

प्रमाणपत्राची मुदत सहा महिने. बीएस-फोर आणि पुढच्या गाड्यांना वर्षभराची मिळते. काका चष्मा वर करून तारीख वाचतात, कागदाची घडी घालून काचेवरच्या सन व्हायजरमध्ये खोचतात. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू होते.