पेटी घेऊन डॉक्टरकडे

नमस्कार श्रोतेहो! आज बोलायचंय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या तब्येतीवर. ठाण्यात कुठल्याही सोसायटीत जा, एखादं भजनी मंडळ, तबल्याचा क्लास आणि ढोल पथकातली दोनचार पोरं सापडतातच, तेव्हा हे घरचंच समजून ऐका.

आधी आमच्या पेटीवाल्या काकांचा किस्सा, तो सांगितल्याशिवाय माझं गाडं पुढे सरकत नाही. नौपाड्यात राहतात, नाव नाही सांगत कारण ते आत्ता ऐकत असणार. श्रावणात काकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, सकाळी मंगळागौर, दुपारी महिला मंडळाचं भजन, रात्री कुठेतरी अभंगवाणी, आणि ती जड पेटी उचलून जिने चढायचे ते वेगळंच. तर एका श्रावणात डावा खांदा धरला. धरला म्हणजे इतका की शर्टाची बाही घालायला काकू लागायच्या. काका म्हणे वय झालं. तेल चोळलं, शेकलं, गोळ्या घेतल्या, चार दिवस बरं वाटायचं आणि कार्यक्रम झाला की पुन्हा जैसे थे. शेवटी मुलीने जबरदस्तीने फिजिओथेरपीला नेलं. तिथली डॉक्टर अगदी तरुण, तिने सगळं विचारलं, हात वरखाली करून बघितला आणि म्हणाली, काका, उद्या पेटी घेऊन या.

काका भडकले. "खांदा माझा दुखतोय, पेटीचा नाही!"

पण नेली. खाली चटई टाकली, काकांनी यमन सुरू केला, बाहेर गुडघ्याला पट्टे बांधून बसलेले पेशंट माना डोलवायला लागले. बाई उजव्या हाताकडे बघतच नव्हत्या, नजर डाव्या हातावर. थोड्या वेळाने म्हणाल्या, एवढ्या जोरात भाता का मारताय? काका म्हणाले, नाही मारला तर सूर दबतो. आधीपासून एवढाच मारावा लागायचा का? यावर काका गप्प. मग काकांनी स्वतःच एकही पट्टी न दाबता भाता भरून बघितला, तर हवा फुस्स! आतलं चामडं सुटलेलं, हवा गळत होती, म्हणजे अख्खा श्रावण हा माणूस पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरत होता. बाईंनी कागदावर व्यायाम लिहिले, बसायला खाली जाड उशी घ्या म्हणजे खांदा उचलावा लागणार नाही असं लिहिलं, आणि खाली लिहिलं, पेटी दुरुस्त करून घेणे. त्या दिवाळी पहाटला काका वाजवायला होते, बाही स्वतः घालून!

तर मुद्दा काय, दुखत असेल तर वाद्य घेऊन डॉक्टरकडे जा. परत सांगतो, वाद्य घेऊन जा, आणि वाजवून दाखवा. आणि रियाजानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर ते अंगावर काढू नका.

आता गळा. गुळण्या आणि वाफ मी तुम्हाला सांगायला नको. फक्त एक, आपण पाणी पितो ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना थेट लागतच नाही, त्यामुळे स्टेजवर चढताना ढसाढसा पिऊन उपयोग नाही, दिवसभर थोडं थोडं प्या. आवाज बसला की कुजबुजत बोलू नका, त्याने ताण वाढू शकतो. सरळ गप्प बसा. कुजबुजणं नाही, गप्प! दोनतीन आठवड्यात घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवाच.

आणि हे आयोजक लोक! गायिका आवाज तापवून विंगेत तयार उभी, आणि स्टेजवर पाऊण तास सत्कार चाललेत, शाल, श्रीफळ, नगरसेवक, माजी नगरसेवक, माजी नगरसेवकांचे चिरंजीव. विंगेतल्या गार एसीत तापवलेला आवाज परत थंड होतो हो. सत्कार शेवटी ठेवा, मग बघू किती जण थांबतात ते.

असो, ढोल पथकं राहिली. पाडव्याच्या आधी खाडीकडे, पुलाखाली सराव सुरू होतो, आणि पुलाखाली आवाज घुमून आणखी मोठा होतो. 85 डेसिबलला 8 तास ही कानाची साधारण मर्यादा धरतात, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, 100 ला जेमतेम 15 मिनिटं. आणि ढोल-ताशा जवळून 100 च्या वरच. कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही, मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात ते घ्या, स्वस्त असतात, नीट पिळून आत बसवा. सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आज जास्त झालं समजा. आणि ध्वजवाल्यांनो, झांजवाल्यांनो, तुम्ही पण घाला, तुमचे कान काय त्या आवाजाबाहेर नाहीत. चला, वेळ झाली, नमस्कार!