अंगणवाडीतली सकाळ: डहाणूच्या एका पाड्यावरून

[पावसाच्या थेंबांचा आवाज. त्यावर काठी आपटल्याचा आवाज.]

काठी आपटतायत त्या इथल्या मदतनीस. सकाळचे पावणेनऊ वाजलेत, जुलै महिना आहे, रात्रभर कोसळून आता जरा उघडलंय, आणि अंगणवाडीचं कुलूप काढल्यावर आत पाय ठेवायच्या आधी बाई दारावर काठी आपटतात. मग आत जाऊन गुंडाळलेल्या सतरंज्यांवर आपटतात, खेळण्यांची टोपली काठीनेच आडवी करतात, कपाटाच्या मागे टॉर्च मारतात. खाचरांत पाणी भरलं की साप-विंचू कोरडी जागा शोधत येतात आणि या पाड्यात सगळ्यात कोरडी जागा म्हणजे हीच खोली. नाग निदान फणा काढतो, दिसतो तरी, मण्यार चावली तर दुखतही नाही कधीकधी, कळतच नाही. म्हणून हे सगळं होईपर्यंत एकही पोर उंबरा ओलांडत नाही. बघा कशी पागोळ्यांखाली हात धरून उभी आहेत.

कोणी सांगितलं नाही त्यांना ओळीत उभं राहायला. रोजचंच आहे.

[क्लोजअप: सेविकेचे हात, मुलाचा तळहात.]

आता सेविका ताई दारात बसल्यात. नाव हजेरीत नंतर लागेल, आधी हात पुढे. तळहात वर, मग उलटा, मग बोटं फाकवून बोटांच्या बेचक्यात बघायचं. तिथे बारीक पुरळ असेल, रात्री जास्त खाजवतो असं घरचे म्हणत असतील तर ताईंना लगेच शंका येते, खरूज. मग कपाळाला हाताची मागची बाजू. मग डोळे, लाल आहेत का, चिकटलेत का. २०२३ च्या जुलैत राज्यभर डोळ्यांची साथ आली होती तेव्हापासून इथला एकुलता एक टॉवेल ताईंनी काढूनच टाकलाय, पोरं हात धुतली की झटकतात आणि वाऱ्यावर वाळवतात, एकाचं दुसऱ्याला पुसायचं नाही.

एका मुलापाशी ताई थांबल्या बघा. बोटाच्या बेचक्यात बारके फोड आहेत. त्याच्या आजीला त्या काय सांगतायत ते नीट ऐका, कारण खरजेचं इथेच चुकतं. मलम पोराला एकट्याला लावून भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर आज याची गेली की उद्या भावाकडून परत येते. अंथरूण-कपडे उन्हात टाका म्हणतात, पण जुलैत डहाणूला ऊन कुठून आणणार? तर ताई सांगतायत, गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड घट्ट बांध आणि तीन दिवस उघडू नको, ते किडे अंगाशिवाय तेवढे दिवस जगत नाहीत. आजी मान हलवते. पिशवी आहे का विचारल्यावर नाही म्हणते. ताई आतून खताची रिकामी गोणी नाही, हां, ती नाही द्यायची, पोषण आहाराच्या पाकिटांची मोठी पिशवी काढून देतात.

[ड्रोन शॉट: हिरवी टेकडी, धुकं.]

ही कोसबाडची टेकडी. इथे जरा थांबूया, कारण आत्ता दारात जे बघितलं, हात उलटा करून नखं बघणं, ते या तालुक्यात आजचं नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक इथून जवळच बोर्डीला आल्या. त्याआधी गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता, माँटेसरी पद्धत त्यांच्या हातात बसलेली होती. बोर्डीला बालवाडी काढली. पण पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात. आईबाप मजुरीला, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन गुरांमागे, मग येणार कोण? ताराबाईंनी पोरं येत नाहीत म्हणून दार लावून घेतलं नाही, बालवाडीच उचलून पोरांच्या अंगणात नेली. अंगणातली वाडी, ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाट्यांवर जो शब्द आहे ना, तो इथला आहे, या मातीतला.

आणि अंगणात पहिलं काम काय, तर अक्षरं नाहीत, गाणीही नाहीत. आंघोळ. अंगणात पाणी घेऊन बसायचं, पोरांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या आणि पुढे आयुष्यभर राहिल्या. १९५७ मध्ये काम या टेकडीवर आलं. आम्ही टेकडीवर दोन दिवस शूट केलं, खरं तर त्याच्यावरच वेगळी फिल्म होईल.

मग २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली, देशात ३३ प्रकल्पांत सुरुवात झाली, आणि अंगणातली वाडी सरकारी झाली. रजिस्टर आलं, वजनकाटा आला, आता मोबाईलवर पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप आहे. हात उलटा करून बघणं मात्र तसंच आहे.

[शॉट: बांबू, दोरी, तेलाचा कॅन. मुलाचा पाय काठीवर पडतो, पाणी येतं.]

हा आमच्या सगळ्या टीमचा आवडता शॉट. दोन बांबू रोवलेत, मध्ये आडवी काठी, त्यावर पाच लिटरचा खाद्यतेलाचा रिकामा कॅन टांगलाय. तापवलेल्या खिळ्याने त्याला भोक पाडलंय. कॅनच्या गळ्याला दोरी, दोरीचं खालचं टोक जमिनीवरच्या काठीला. काठीवर पाय दिला की कॅन वाकतो आणि धार येते, पाय काढला की बंद. हाताने काहीच धरायचं नाही, घाण हात नळाला लागण्याचा प्रश्नच मिटला. शेजारी साबण, तोही जाळीच्या पिशवीत बांधून टांगलेला. कांद्याची जाळी असते ना, तीच. साबण चिखलात पडत नाही, कुत्रं पळवत नाही, आणि पोरांना ती जाळी चोळायला मजा येते म्हणून हात जरा जास्त वेळ चोळले जातात. तळहात, मागची बाजू, बोटांच्या मध्ये, अंगठा, नखं, मनगट. ताई गाणं म्हणतात त्यावर, ते त्यांचं स्वतःचं आहे.

कॅनबद्दल एक गोष्ट बाईंनी आम्हाला दोनदा सांगितली म्हणून इथे घेतोय. कॅन खाण्याच्या तेलाचाच पाहिजे. फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी अंगणवाडीच्या आवारात आणायचा नाही, हात धुवायलाही नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं गेली.

पाणी विहिरीचं आहे. हंड्यात गाळून घेतात, त्यात मेडिक्लोरचे, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या क्लोरीनच्या औषधाचे थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढेच, आणि मग अर्धा तास झाकण उघडायचं नाही. प्यायला काढायचं ते ओगराळ्याने. पेला बुडवायचा नाही, बोटं तर अजिबात नाहीत. तीन वर्षांची एक मुलगी ओगराळं दोन्ही हातांनी धरून ओततेय, अर्धं सांडतंय, बाई काही बोलत नाहीत. बोलायचंच कशाला, अशीच येते सवय.

[शॉट: वजनकाटा. मग तीन रंगांची पट्टी.]

आज वजनाचा दिवस आहे म्हणून आम्ही मुद्दाम आजच आलो. चपला काढ, ओलं जॅकेट काढ, काटा शून्यावर आहे ना बघ. रडणारं पोर काट्यावर ठेवलं तर आकडा नाचत राहतो, म्हणून ताई थांबतात, त्याला काटा हलवू देतात, त्याचा हात लावून घेतात, मग घेतात. एका पोराला सात मिनिटं लागली, आम्ही ती सातही मिनिटं शूट केलीत, इथे थोडी कापावी लागली.

मग दंडाची पट्टी. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. हिरवा आला तर ठीक. १२.५ सेंटिमीटरच्या खाली पिवळा. ११.५ च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, सॅम. सेंटिमीटरचा फरक केवढासा! दोन रंगांच्या मधल्या त्या रेषेवर ताईंचं बोट थांबलंय बघा. पायावर अंगठा दाबून सूज आहे का तेही बघतात, दोन्ही पायांवर, खड्डा राहिला तर लगेच दवाखाना.

आज एक पिवळा आहे.

पुढे काय होतं तेही सांगतो. जास्तीचा आहार, आठवड्याला पुन्हा वजन, लाल झाला तर ग्राम बाल विकास केंद्र, गरज पडली तर रुग्णालय. याच जिल्ह्यात जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने मुलं गेली. आणि दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर जातो तेव्हा पोरंही जातात आणि वजनाच्या तक्त्यावरची रेघ तिथेच थांबते, तिकडे आम्ही गेलो नाही.

[शॉट: चूल, खिचडी, वाफ.]

खिचडी. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना इथे गरम ताजा आहार, त्याहून लहान असतील त्यांना घरी न्यायची पाकिटं. एका मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं, ते कागदावर आहे. बाईंच्या हातात ते डाळीच्या मापाने येतं. पातेलं उतरलं की पोरांच्या खोलीत न्यायचं नाही, चुलीभोवती बाईंनी विटांची ओळ लावलीय तिच्या आत पोरांनी यायचं नाही, आणि वाढायच्या आधी ताई आणि बाई दोघी एकेक घास खाऊन बघतात. ताटल्या राखेने नाही, साबणाने घासून उलट्या वाळत घातलेल्या.

कोपऱ्यातली ही छोटी सतरंजी कोणाची विचाराल तर सकाळपासून दोनदा जुलाब झालेल्या एका मुलाची. आई भाताच्या लावणीला गेलीय, निरोप धाडलाय. तोपर्यंत तो वेगळा बसलाय पण एकटा नाही, बाई अधूनमधून येऊन चमच्याने पाजतायत. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, मोजायला लिटरची बाटली ठेवलीय. अर्धं पाकीट अंदाजे पाण्यात असं करायचं नाही. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस. आईला हे चारदा सांगावं लागतं, ताई पाचदा सांगतात. या कामाला पगार नाही म्हणत, मानधन म्हणतात, ते आम्हाला पटत नाही एवढं इथे बोलतो.

लसीकरणाच्या दिवशी आमचा कॅमेरा पोचला नाही. सिस्टर येतात, गावातल्या आशा स्वयंसेविका पोरांना बोलावून आणतात, गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत, भिंतीवर तक्ता आहे तो दिसतोय.

[शॉट: दार, पाऊस पुन्हा सुरू.]

सुटायची वेळ. सकाळी १९ आली होती. आता ताई दारात उभ्या आहेत आणि बाई आतून एकेक नाव घेतायत, ज्याच्या घरचं माणूस आलंय त्याचंच. ओळखीचं नसेल तर पोर हातात द्यायचं नाही, मग तो मामा म्हणो की काका. सातवीतली एक बहीण आलीय भावाला न्यायला, तिला ताईंनी थांबवलं, नाला भरलाय, एकटी नको जाऊ, आजोबा येतील त्यांच्याबरोबर जा.

अठरा गेली. जुलाबवाला तेवढा राहिलाय, मांडीवर झोपलाय बाईंच्या. लांबून खाचराच्या बांधावरून कोणीतरी डोक्यावर इरलं घेऊन येतंय, पाय भरभर पडतायत चिखलात. ताई डोळे बारीक करून बघतात.

"त्याची आईच आहे."

बाई त्याला उठवत नाहीत. बाटलीत उरलेलं पाणी हलवून बघतात आणि बूच घट्ट लावतात, तिच्याकडे द्यायला.