व्हीटी पासिंग

(दृश्य: विमाननगरमधल्या एका सोसायटीची गच्ची. संध्याकाळ. वाळत घातलेल्या कपड्यांमागून खाली येणारं विमान.)

विमाननगरच्या गच्चीवर उभं राहिलं, की विमान इतकं खालून जातं की चाकं मोजता येतात. इथल्या पोरांना वर बघावंही लागत नाही. नुसत्या आवाजावरून सांगतात, हे हवाई दलाचं, हे प्रवासी. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा. आपली प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवर उतरतात.

आता शेपटीकडे बघा. खिडक्यांची ओळ जिथे संपते तिथे अक्षरं दिसतील. व्ही, टी, एक आडवी रेघ आणि पुढे आणखी तीन. सुखोईवर ही सापडायची नाहीत. लष्करी विमानांना १९४४ च्या शिकागो कराराने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराने, वेगळं ठेवलंय, त्यांचे क्रमांक हवाई दल देतं. नागरी विमानाला मात्र या अक्षरांशिवाय उडता येत नाही.

आपण पुणेकर गाडी दिसली की विचारतो, कुठलं पासिंग? एमएच बारा म्हणजे पुणे, चौदा म्हणजे पिंपरी-चिंचवड. विमानाचं पासिंग जिल्ह्याचं नसतं, अख्ख्या देशाचं असतं; व्हीटी हे भारताचं. ज्या देशाच्या नोंदवहीत नाव, त्या देशाचं ते विमान, असं शिकागो करार सांगतो. म्हणजे विमानाला चक्क राष्ट्रीयत्व असतं, आणि एका वेळी एकच.

तिकिटावर छापलेला फ्लाइट नंबर वेगळा. तो फेरीचा. स्वारगेटहून सकाळची साताऱ्याची एसटी रोज सुटते, पण रोज तीच बस असते असं नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, तेव्हा बातम्यांमध्ये एआय १७१ हा आकडा होता. चौकशीच्या प्राथमिक अहवालाच्या शीर्षकात मात्र व्हीटी-एएनबी आहे. कारण चौकशी त्या फेरीपुरती थांबत नाही. त्या एका यंत्राचा आजवरचा सगळा इतिहास उलगडावा लागतो, आणि तो त्याच्या नोंदणीला धरूनच शोधता येतो.

(दृश्य: जुन्या एक इंजिनी विमानाचं कृष्णधवल छायाचित्र.)

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा निघाले आणि मुंबईत जुहूला उतरले. त्या छोट्या पस मॉथवर अक्षरं होती व्हीटी-एडीएन. त्यावेळचंच हे व्हीटी आजही आपल्याकडे आहे.

व्हीटी म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, व्हाइसरॉयचा मुलूख, असं नेहमी सांगितलं जातं. संसदेतही यावरून प्रश्न आले. मला हे पटत नाही. ही अक्षरं आली रेडिओच्या संकेतांमधून. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत देशोदेशींना अक्षरांचे गट वाटले गेले. व्ही ऑस्ट्रेलियाच्याही वाट्याला आला, त्यांची विमानं आजही व्हीएच लावतात. तिथे कुठला व्हाइसरॉय होता? भारतासाठी आय घ्यावा म्हटलं तर तो इटलीचा. भारतचा बी म्हटलं तर तो चीनचा. आणि इतक्या वर्षांत व्हीटी लावून आपली माणसं कुठे कुठे पोचली! ही अक्षरं आता आपलीच आहेत.

(दृश्य: टेबलावर कागदांची चळत. शिक्का. सही.)

समजा, बारामतीच्या एखाद्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेने परदेशातून वापरलेलं सेसना आणायचं ठरवलं. दुसऱ्या राज्यातली गाडी आणली की आपण आधी तिथल्या आरटीओची एनओसी मागतो. इथेही तसंच. जुन्या देशाने आपल्या वहीतून नाव कमी केल्याचा दाखला दिल्याशिवाय नवा देश नाव चढवत नाही. विमान कोरं असेल, तर ते आधी कुठेच नोंदलेलं नाही याचा दाखला. मग खरेदीचे कागद, कस्टमची पावती, विमा, भाड्याचं असेल तर करारपत्र. शुल्क ठरतं विमानाच्या वजनावर. अर्ज आता ऑनलाइन होतो, पण वही एकच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या डीजीसीएची.

शेवटची तीन अक्षरं मोकळी असतील तर मागून घेता येतात. म्हणून इंडिगोची कितीतरी विमानं व्हीटी-आयने सुरू होतात आणि अकासाची व्हीटी-वायने. तीन अक्षरांच्या जुळण्या होतात १७,५७६. त्यातल्या काही कोणालाच मिळत नाहीत. एसओएस हे तर कधीच नाही. रेडिओवर ती तीन अक्षरं ऐकली की माणसं मदतीला धावतात, ती कोणाचं नाव कशी होतील?

नोंदणीचा दाखला आला म्हणजे विमान उडायला मोकळं झालं, असं नाही. आरसी वेगळी, फिटनेस वेगळा. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र निराळं काढावं लागतं आणि त्याची तपासणी पुढेही चालू राहते.

आणि हा फरक ज्याने स्वतः भोगला, तो माणूस आपल्या महाराष्ट्रातलाच. कांदिवलीत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पंख होते, इंजिन होतं, चाकं होती. नाव नव्हतं. कंपनीच्या विमानामागे मंजूर झालेला नमुना असतो, बोट दाखवायला आधीची शंभर विमानं असतात. गच्चीवर जन्मलेल्या विमानामागे फक्त ते बांधणारा माणूस. त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं? नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी. उड्डाणाची परवानगी हातात पडायला २०१९ उजाडलं. मला या माणसाच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात. पण नियमही उगाच कडक नाहीत. ते विमान ज्यांच्या घरांवरून जाणार, त्या माणसांचाही त्यात जीव आहे.

(दृश्य: धूळ साचलेलं, उभं असलेलं विमान. इंजिनांवर झाकणं.)

नाव चढवणं अवघड, तसं ते उतरवणंही. आपल्या विमान कंपन्यांची बरीचशी विमानं भाड्याची. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली. विमानं परदेशी मालकांची, पण नावं आपल्या वहीत. ती कमी होईपर्यंत मालकाला आपलंच विमान हलवता येईना. २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने डीजीसीएला ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करायला सांगितलं. तोवर जवळजवळ वर्ष गेलं होतं.

(दृश्य: विमानाच्या दारालगत धातूची छोटी पट्टी. बोट अक्षरांवरून फिरतं.)

प्रवासी जिच्याकडे बघतही नाहीत, अशी ही एक पट्टी. प्रत्येक विमानाच्या मुख्य दाराजवळ ती असावीच लागते. वर तीच अक्षरं कोरलेली. रंगवलेली चालत नाहीत, आणि पट्टी अशी हवी की आगीत जळणार नाही. बाकी काहीच उरलं नाही, तरी ते कोणतं विमान होतं हे सांगायला ती उरावी.

(दृश्य: हडपसर. सकाळ. गवतावर दव. एक ग्लायडर, पंखाचं एक टोक जमिनीला टेकलेलं.)

सासवड रस्त्यावरचं हडपसरचं ग्लायडिंग सेंटर खुद्द डीजीसीएचं. देशभरच्या विमानांना नावं देणाऱ्या खात्याची स्वतःची ग्लायडर्स इथे आहेत, आणि व्हीटी त्यांनाही चुकलेलं नाही.

एक जण पंख उचलून सरळ धरतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, सुरू होते, तारेचा दोर ताणतो, ग्लायडर चार पावलं घसरतं आणि एकदम वर चढतं. वर गेल्यावर दोर सुटतो. आता इंजिन नाही, आवाज नाही.

पंखाखालची अक्षरं निदान ५० सेंटिमीटर उंच असावी लागतात, डाव्या बाजूला. ग्लायडर वळतं, डावा पंख कलतो. मैदानावर फिरायला आलेले आजोबा थांबतात, कपाळावर हात आडवा धरतात आणि वाचायला लागतात. व्ही... टी...

(दृश्य: आकाशाच्या पार्श्वभूमीवर पंखाची खालची बाजू. फक्त वाऱ्याचा आवाज.)